अंदमानात फिरायचं कसं? स्कूटर, टॅक्सी की सरळ पॅकेज?

तुम्ही विचारलंय की डिसेंबरात तुम्ही दोघं नवरा-बायको आई-बाबा आणि आठ वर्षांच्या मुलीला घेऊन सहा दिवस अंदमानला जाताय, पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक आणि नील ही बेटं आणि जमलं तर बाराटांग (चुनखडीच्या गुहांसाठी) करायचंय, तर फिरायला स्कूटर घ्यावी, टॅक्सी ठरवावी की ट्रॅव्हलवाल्याचं पॅकेज घ्यावं. मी कामानिमित्त तिथे राहिलोय, नंतर घरच्यांनाही घेऊन गेलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, स्कूटर की टॅक्सी हा प्रश्न नंतरचा. आधी बोटी बुक करा. विमानाची तिकिटं झाली की त्याच आठवड्यात बोटींची काढा आणि त्यानंतरच हॉटेल. बरेच लोक उलटं करतात, हॅवलॉकचं छान रिसॉर्ट घेऊन बसतात आणि मग त्या दिवशीच्या सकाळच्या बोटीत पाच सीट एकत्र मिळत नाहीत, मग दुपारची बोट घ्यावी लागते आणि एक अख्खा दिवस जातो. डिसेंबर म्हणजे फुल सीझन, त्यामुळे तुमच्या बाबतीत तर हे नक्की होणार.

बोटी दोन प्रकारच्या. खाजगी कॅटामरान (दोन सांगाड्यांची वेगवान बोट), म्हणजे मकरूझ, नॉटिका, ग्रीन ओशन वगैरे, आणि सरकारी फेरी. खाजगीत एसी, नंबरच्या खुर्च्या, पोर्ट ब्लेअर ते हॅवलॉक साधारण दीड-दोन तास. सरकारी बोट त्याच अंतराला अडीच तासांच्या आसपास घेते, तिकीट खाजगीच्या मानाने खूपच स्वस्त, आणि डेकवर उभं राहता येतं, वारा खात बेटं बघत जायची मजाच वेगळी. पण ती मुळात तिथल्या लोकांच्या येण्याजाण्यासाठी आहे, शाळा, दवाखाना, सरकारी कामं सगळं त्याच बोटीवर चालतं, तिकिटं थोडेच दिवस आधी खुली होतात, आणि स्थानिकांना प्राधान्य असतं ते योग्यच आहे. एकटादुकटा माणूस किंवा मित्रांचा ग्रुप असेल तर मी म्हणेन सरकारीनेच जा. तुमच्यासोबत वयस्कर माणसं आणि लहान मूल आहे, तारखा पक्क्या आहेत, त्यामुळे खाजगीच घ्या, त्यात कंजुषी करू नका.

रूट त्रिकोणी ठेवा. पोर्ट ब्लेअर ते हॅवलॉक, हॅवलॉकहून थेट नील, नीलहून पोर्ट ब्लेअर. मधे परत पोर्ट ब्लेअरला यायची गरज नाही, हॅवलॉक-नील खाजगी बोटीने तासाभराचं अंतर आहे. फक्त या मधल्या टप्प्याला दिवसभरात बोटी मोजक्याच असतात म्हणून तीन तिकिटांपैकी हे सगळ्यात आधी पक्कं करा आणि बाकीची दोन त्याच्या पुढेमागे बसवा.

आईंना बोट लागते का ते विचारून ठेवा. डिसेंबरात समुद्र पावसाळ्यापेक्षा बराच शांत असतो, पण एसीच्या बंदिस्त केबिनमधे ज्यांना एरवी काही होत नाही त्यांनाही मळमळतं. सीट निवडायची सोय असेल तर बोटीच्या मधल्या किंवा मागच्या भागातली घ्या, पुढे डोलणं जास्त जाणवतं. डॉक्टरांना विचारून गोळी निघायच्या अर्धा-पाऊण तास आधी द्या, बोट हलायला लागल्यावर दिलेली गोळी काही उपयोगाची नाही. आणि पोट पूर्ण रिकामंही नको, इडली, बिस्कीट असं काहीतरी हलकं खाऊन चढवा.

जेट्टीवर तासभर आधी पोचायचं, प्रत्येकाचं ओळखपत्र लागतं, मुलीचं सुद्धा. हॅवलॉकच्या जेट्टीवर उतरल्यावर बॅगा ओढत बरंच चालावं लागतं, ऊन डोक्यावर असतं, आणि गेटबाहेर ड्रायव्हर लोक नावाच्या पाट्या घेऊन उभे असतात, सगळे एकदम हाका मारतात. हॉटेलला आदल्या दिवशी फोन करून गाडी सांगून ठेवलीत तर त्या गर्दीत घासाघीस करत बसावं लागत नाही. चाकं असलेल्या बॅगा घ्या, त्याही कमी घ्या.

आता बेटावरचं फिरणं. एक लक्षात घ्या की पोर्ट ब्लेअरला घेतलेली भाड्याची गाडी किंवा स्कूटर पोर्ट ब्लेअरलाच राहते, हॅवलॉकला वेगळी, नीलला वेगळी. त्यामुळे "सहा दिवसांसाठी एक गाडी" असं काही नसतं, पॅकेजवाले सुद्धा प्रत्येक बेटावर वेगळा ड्रायव्हरच देतात.

पोर्ट ब्लेअर (सरकारी नाव २०२४ पासून श्री विजयपुरम, पण बोलताना अजून सगळे पोर्ट ब्लेअरच म्हणतात) चढउताराचं गाव आहे. एअरपोर्ट गावाला लागूनच आहे. शहरात ऑटो भरपूर, मात्र मीटरने जात नाहीत, बसण्याआधी भाडं ठरवायचं. ओला-उबरच्या भरवशावर येऊ नका. पहिल्या दिवशी सेल्युलर जेल आणि संध्याकाळचा लाइट अँड साउंड शो एवढंच ठेवा, त्याला ऑटो पुरतो. जेल कोणत्या दिवशी बंद असतं ते आधी बघून घ्या, आपल्याकडून जाणाऱ्या माणसाचं ते राहून गेलं तर फार वाईट वाटतं. सावरकरांच्या कोठडीपर्यंत जिने चढायचे आहेत, बाबांना गुडघ्याचा त्रास असेल तर घाई न करता चढवा, पण चढवाच. रॉस बेटावर (आता नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप) जायच्या बोटी अबर्डीन जेट्टीजवळच्या वॉटर स्पोर्ट्स कॉम्प्लेक्समधून सुटतात, थोड्या मिनिटांचाच प्रवास, आणि तिथे आत फिरायला बॅटरीवरच्या गाड्या असतात, आई-बाबांसाठी त्या घ्याच.

चिडियाटापू आणि वंडूर ही दोन्ही ठिकाणं शहरापासून पंचवीस-तीस किलोमीटरवर, मोहनपुरा स्टँडवरून सरकारी बस जातात. स्वस्त आहेत, पण चिडियाटापूला लोक जातात ते सूर्यास्तासाठी आणि अंधार पडल्यावर परत यायला बस मिळेलच असं नाही, तेव्हा तिथे टॅक्सीच करा.

एक गोष्ट मात्र मला मनापासून सुचवायचीय. चॅथमच्या जेट्टीवरून बांबूफ्लॅटला वाहनं नेणारी फेरी जाते. रस्त्याने खाडीला मोठा वळसा पडतो, फेरीने पलीकडे जायला काही मिनिटं लागतात. स्कूटर घेऊन सरळ बोटीत चढायचं, शाळेची पोरं, भाजीची पोती, गॅस सिलेंडर, ऑफिसला निघालेली माणसं, सगळे एकमेकांच्या हँडलला हँडल लावून उभे, इंजिन बंद करून गप्पा मारत, आणि पलीकडे लागली की सगळ्या गाड्या एकदम स्टार्ट होतात. तिथून पुढे माउंट हॅरिएटच्या (आता माउंट मणिपूर) रस्त्याला लागायचं, वरून नॉर्थ बेचं दीपगृह दिसतं. जुन्या लालसर वीसच्या नोटेवरचं चित्र तेच. पॅकेजमधे ही फेरी क्वचितच असते आणि माझ्या मते पोर्ट ब्लेअरचा खरा चेहरा तिथेच दिसतो. तुम्ही टॅक्सीने जाणार असाल तरी ड्रायव्हरला "चॅथमवरून फेरीने घ्या" असं सांगा.

हॅवलॉक (स्वराज द्वीप) म्हणजे मुख्यतः दोनच रस्ते. जेट्टीपासून एक राधानगर बीचला, साधारण बारा किलोमीटर, सुपारी-नारळाच्या बागांतून वळणं घेत. दुसरा विजयनगरवरून काला पत्थर बीचकडे किनाऱ्याकिनाऱ्याने. बेट स्कूटरसाठी आदर्श आहे, दिवसाचं भाडं पाचशेच्या आसपास धरा, सीझनला जास्त सांगतात. पण तुम्ही पाच जण आहात. आई-बाबांना स्कूटरवर मागे बसवून वळणाच्या रस्त्यावर नेऊ नका, मी स्पष्टच सांगतो. राधानगरला सगळ्यांनी मिळून टॅक्सीने जा आणि तीही येऊन-जाऊन ठरवा, गाडी थांबेल असं आधीच बोलून घ्या. सूर्य बुडाला की सगळा बीच एकदम रिकामा होतो, ऑटो भरून निघून जातात आणि मग उरलेले लोक अंधारात रस्त्याच्या कडेला गाडी शोधत उभे असतात. सरकारी बसही आहे, पण तिच्या फेऱ्या कमी आणि वेळा तुमच्या सोयीच्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई-बाबा हॉटेलच्या बीचवर निवांत बसलेत असं असेल तेव्हा तुम्ही दोघं स्कूटर घेऊन काला पत्थरला जाऊन या, मुलीला मधे बसवायचा मोह टाळा, तीही आजीजवळ खूश राहील. लायसन्स ओरिजिनल खिशात ठेवा, हेल्मेट दोघांनाही. घेताना ब्रेक, टायर आणि मुख्य म्हणजे हेडलाइट बघा, भर दुपारी घेतली तरी लावून बघा, कारण रस्त्यावर बऱ्याच ठिकाणी दिवे नाहीत आणि वळणावर गाय बसलेली असते. आधीचे ओरखडे मालकासमोरच मोबाइलवर व्हिडिओत घ्या, मग परत देताना वाद होत नाही.

एलिफंट बीचला गाडीचा रस्ता जात नाही, जेट्टीवरून स्पीडबोटीने किंवा जंगलातून चालत. तुम्ही बोटीनेच जा.

अंधाराचं अजून एक. अंदमानची घड्याळं आपल्याच वेळेवर चालतात पण बेटं आपल्या बरीच पूर्वेला आहेत, त्यामुळे डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. महाराष्ट्रातल्या सवयीने "चारला निघू, सूर्यास्त बघू" असं केलंत तर रस्त्यातच रात्र होईल. तीनला निघा. उलट पहाटे पाच-साडेपाचला उजाडू लागतं, सकाळ मोठी मिळते, ती वापरा.

नील (शहीद द्वीप) अगदी छोटं आणि बरंचसं सपाट आहे. भरतपूर बीच जेट्टीजवळच, चालत जाता येतं. लक्ष्मणपूर, सीतापूर, नॅचरल ब्रिज (खडकाची नैसर्गिक कमान) असं सगळं एका ऑटोत अर्ध्या दिवसात होतं. सायकल भाड्याने मिळते, मुलगी चालवणारी असेल तर सकाळच्या थंड वेळेत शेतांमधल्या रस्त्यावर सायकल नक्की घ्या, हॅवलॉकपेक्षा इथे ट्रॅफिक फारच कमी. नॅचरल ब्रिज बघायला ओहोटीच लागते, म्हणून ऑटोवाल्याला आधी भरती-ओहोटीची वेळ विचारा आणि बाकी ठिकाणं त्याप्रमाणे पुढेमागे करा. तिथे मेलेल्या प्रवाळाच्या खडकांवरून चालायचं असतं, निसरडं असतं, आई-बाबांना मी तरी नेणार नाही.

आता बाराटांग. तुमच्या सहा दिवसांत ते करू नका असंच मी म्हणेन. पहाटे तीनला निघायचं, जिरकाटांगच्या चेकपोस्टला रांगेत थांबायचं, गाड्यांचा पहिला ताफा सहाला सुटतो, मग जंगलातून मिडल स्ट्रेटच्या जेट्टीपर्यंत, तिथे फेरी, पुढे खारफुटीतून स्पीडबोट, मग चुनखडीच्या गुहेपर्यंत पायी, आणि हे सगळं परत उलटं. वयस्कर माणसांचा त्यात जीव जातो. आणि हा रस्ता जारवा या आदिवासी लोकांच्या राखीव जंगलातून जातो. १९५६ च्या नियमानुसार तो भाग त्यांच्यासाठी राखीव आहे, सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये तिथली वाहतूक बंद करायला सांगितलं होतं, तरी रस्ता अजून चालूच आहे. १९९९ मध्ये त्यांच्यात गोवराची साथ आली होती, बाहेरच्या माणसांचे आजार त्यांच्या शरीराला नवीन आहेत. गाडी थांबवायची नाही, फोटो काढायचे नाहीत, खायला द्यायचं नाही, हे नियम त्यामुळेच आहेत. पण ताफ्यातल्या गाड्यांमधे लोक काचेला नाक लावून "दिसले का, दिसले का" करत बसलेले असतात आणि ते बघून मला खरंच त्रास होतो. ती माणसं त्यांच्या घरात राहतायत. काही कारणाने गेलातच तर मुलीला आधी हे समजावून सांगा आणि मोबाइल बॅगेत ठेवा.

हेलिकॉप्टरबद्दल कोणीतरी सांगेल, पवन हंसची सेवा आहे, पण सीट मोजक्या, रुग्ण आणि स्थानिकांना आधी, सामान अगदी थोडंच नेता येतं. तुमच्या प्लॅनमधे ते धरू नका.

पॅकेजचं म्हणाल तर पूर्ण पॅकेजची गरज नाही. बोटी आणि हॉटेलं स्वतः बुक करा, गाड्या प्रत्येक हॉटेलकडून दिवसाच्या हिशोबाने घ्या. वेळ नसेल आणि पॅकेजच घ्यायचं असेल तर पैसे भरण्याआधी तिन्ही बोटींची नावं, वेळा आणि कन्फर्म तिकिटं मागून घ्या. "बोट वगैरे आम्ही बघतो" एवढ्यावर पैसे देऊ नका. माझ्या एका नातेवाइकांना एका एजंटने ऐनवेळी संध्याकाळच्या बोटीत बसवलं आणि त्यांचा राधानगरचा सूर्यास्त गेला तो गेलाच.

शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरलाच काढा. सकाळी नीलहून बोट आणि दुपारी विमान असा प्लॅन कितीही जमतोय असं वाटलं तरी करू नका, हवा बिघडली की बोटी रद्द होतात, आणि डिसेंबरातही बंगालच्या उपसागरात वादळ येऊ शकतं. तिकिटांची प्रिंट सोबत ठेवा, ऑफलाइन मॅप उतरवून ठेवा आणि थोडी रोख पोर्ट ब्लेअरलाच काढून घ्या. २०२० मध्ये चेन्नईहून समुद्राखालची केबल आल्यापासून नेट बरंच सुधारलंय, पण हॅवलॉक-नीलला ऑटोवाल्याला यूपीआय करताना चाक फिरत राहणं अजूनही नेहमीचंच आहे. तारखा ठरल्या की कमेंटमधे टाका, बोटींच्या वेळा बसवायला मदत करतो.