छातीतला व्रण आणि एन्झाइमची गोळी

फुप्फुसाच्या मोठ्या आजारातून उठलेल्या रुग्णांचे समुपदेशन करताना एक प्रश्न माझ्यासमोर इतक्यांदा येतो, की रुग्णाने हातातला कागद पुढे सरकवताच तो मला ओळखू येतो. "सीटी स्कॅनमध्ये फायब्रोसिस लिहिलंय. एन्झाइमच्या गोळीनं ते विरघळतं म्हणतात, खरं का?" फायब्रोसिस म्हणजे फुप्फुसात व्रणाचे ताठ तंतू साचणे. अशाच एका रुग्णाशी अनेक भेटींत झालेले बोलणे, ओळख पटू नये एवढे तपशील बदलून, येथे थोडक्यात मांडत आहे.

इचलकरंजीत यंत्रमागावर जॉबर (माग दुरुस्त करणारा कारागीर) म्हणून उमर घालवलेले हे काका २०२१ मध्ये, कोविडच्या दुसऱ्या लाटेत, व्हेंटिलेटरवरून परत आले होते. अहवालातल्या 'फायब्रोटिक' या एका शब्दाभोवती त्यांनी पेनाने इतक्या वेळा गोल काढला होता, की तेथे कागद झिजला होता. मुलाने आणलेली सेराशिओपेप्टिडेजची, म्हणजे प्रथिने कापणाऱ्या एका एन्झाइमची, गोळी ते रोज न चुकता घेत. "रात्री उठून बोटाला ते ऑक्सिजनचं यंत्र लावून बसतात हो," काकू म्हणाल्या.

"गोळी बंद केली तर काय होईल असं वाटतं?" मी विचारले.

"आतून आवळत जाईल, मॅडम. कापणारं काहीतरी पोटात जायला पाहिजे."

अशा वेळी 'काळजी करू नका' म्हणणे मला पटत नाही. भीतीमागे शरीराचे एक चित्र असते, आणि ते चुकीचे असेल तर धीराचे शब्द त्यावर टिकत नाहीत. आधी चित्र बदलावे लागते, ही माझ्या कामाची जुनी धारणा आहे. म्हणून त्यांच्या छातीच्या डॉक्टरांशी बोलून मी काकांसमोर फुप्फुसच उलगडायचे ठरवले.

वायुकोशांच्या, म्हणजे फुप्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्यांच्या, पातळ भिंतींना कोलॅजन आणि इलास्टिन या प्रथिनांच्या तंतूंचा आधार असतो. इजा झाली की पांढऱ्या पेशी धावून येतात आणि इलास्टेज नावाचे एन्झाइम सोडतात, जे जंतूंबरोबर आपल्याच इलास्टिनलाही कापू शकते. त्याला आवरण्यासाठी यकृत अल्फा-१ अँटिट्रिप्सिन हे प्रथिन पुरवत असते. पुढे फायब्रोब्लास्ट पेशी नवे कोलॅजन तयार करतात, लायसिल ऑक्सिडेज हे एन्झाइम त्या तंतूंना एकमेकांशी पक्के जोडते, आणि मॅट्रिक्स मेटॅलोप्रोटिनेज या कुळातली एन्झाइम्स जादा किंवा खराब झालेले तंतू कापून काढतात. अशा कोलॅजन कापणाऱ्या एन्झाइमचा पहिला शोध १९६२ मध्ये बेडकाच्या पिल्लांची शेपटी विरते कशी, हे पाहताना लागला, हे ऐकून काका पहिल्यांदा हसले.

"म्हणजे कापणारं एन्झाइम माझ्या छातीत आधीपासूनच आहे?"

"आहे, आणि त्याला लगाम घालणारी प्रथिनेही आहेत."

काका बराच वेळ गप्प राहिले. मीही बोलले नाही. अशी शांतता मोडायची नसते, हे मी अनुभवाने शिकले आहे. मग तेच म्हणाले, "ताणा तुटला की खराब टोक कापायचं, मग गाठ मारायची. नुसती कात्री चालवली तर कापडाला भोक पडतंय, नुसत्या गाठी मारत बसलं तर कापड ताठ होतंय."

एम्फिसीमा (वायुकोशांच्या भिंती विरून पोकळ्या पडणे) आणि फायब्रोसिस यांतला फरक इतक्या नेमकेपणाने मी स्वतः कधी सांगितला नव्हता. आता इतर रुग्णांनाही मी तो याच शब्दांत सांगते. मात्र काकांच्या बोलण्याला मी एक पुस्ती जोडली. त्या कापणाऱ्या कुळातले मेटॅलोप्रोटिनेज-७ हे एन्झाइम नसलेल्या उंदरांत श्वासनलिकेची जखम नीट झाकली जात नाही. तरीही वाढत जाणाऱ्या एका प्रकारच्या फायब्रोसिसमध्ये हेच एन्झाइम जास्त आढळते. तेव्हा 'जितके एन्झाइम अधिक, तितका व्रण कमी' हा हिशेबच चुकीचा आहे.

गोळीबद्दल माझे मत स्पष्ट आहे. ती फुप्फुसातला व्रण घालवते याला भरवशाचा पुरावा नाही. जपानमध्ये हे औषध सूज आणि कफ यांसाठी दिले जाई; चाचण्यांत ते परिणामशून्य गोळीपेक्षा सरस न ठरल्याने २०११ मध्ये तेथे मागे घेण्यात आले. रक्त पातळ करणारी औषधे चालू असताना असली गोळी डॉक्टरांना न विचारता घेणे तर सरळ धोक्याचे आहे. पिरफेनिडोन आणि निन्टेडॅनिब ही औषधेही जुना व्रण विरघळवत नाहीत, तो वाढण्याचा वेग कमी करतात, आणि ती कोणाला द्यायची हे डॉक्टरच ठरवतात.

कुटुंबीयांना मी आवर्जून सांगते, की एका सीटी स्कॅनवरून निकाल लावू नका. गंभीर न्यूमोनियानंतरच्या अनेक छाया काही महिन्यांत विरळ होतात, कारण कापण्या-जोडण्याचे काम रुग्ण घरी गेल्यावरही चालूच असते. काहींच्या खुणा मात्र राहतात. श्वसनक्षमतेची तपासणी ठरलेल्या वेळी पुन्हा करावी आणि शिकवलेले चालणे सोडू नये. बिडी-सिगारेट घरातूनच हद्दपार करावी, कारण धूर पांढऱ्या पेशींना फुप्फुसात ओढून आणतो आणि अल्फा-१ अँटिट्रिप्सिनलाही निकामी करतो. रात्री दहादा ऑक्सिजन मोजण्यापेक्षा चालण्यापूर्वी आणि चालून आल्यावर मोजावा. चालताना तो ४ टक्के किंवा अधिक घसरत असेल, अथवा दम महिन्यागणिक वाढत असेल, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता छातीच्या डॉक्टरांना गाठावे. काकांची गोळी त्यांच्या डॉक्टरांनी बंद केली, आणि काकूंनी ते बोटाचे यंत्र रात्रीपुरते स्वतःच्या कपाटात ठेवायला घेतले.