बोटांचा सूर आणि इमर्जन्सी रूम

प्रश्न : तुमचा सर्वांत आवडता रॉक गिटारवादक कोण? आणि वर्षानुवर्षं चालणाऱ्या हॉस्पिटलच्या मालिका तुम्ही खरंच मन लावून पाहता?

उत्तर : ‘डायर स्ट्रेट्स’ बँडचा मार्क नॉफ्लर, क्षणाचाही विचार न करता. तो डावखुरा, पण गिटार धरतो उजव्या हाताने वाजवणाऱ्यांसारखी, आणि पिक (तारा छेडायची छोटी चकती) न घेता थेट बोटांनी तारा छेडतो. त्यामुळे प्रत्येक सुराला बोलण्याचा चढउतार येतो. दोन सुरांमधली शांतताही ऐकावीशी वाटते. वेगाने वाजवणारे पुष्कळ आहेत, मला थांबता येणारे आवडतात. ‘क्वीन’ बँडच्या ब्रायन मेचा मान वेगळा : वडिलांबरोबर घरी घडवलेली गिटार तो आयुष्यभर वाजवत आला, तीही सहा पेन्सच्या नाण्याने!

मालिका? हो, मन लावून. ‘ईआर’ (म्हणजे इमर्जन्सी रूम) १९९४ ते २००९ चालली, १५ सीझन, ३३१ भाग. मी दोनदा पाहिली. आठव्या सीझनमध्ये डॉ. मार्क ग्रीन ब्रेन ट्यूमरने जातो, तेव्हा दोन्ही वेळा रडलो. इतकी वर्षं सोबत काढलेला माणूस असतो हो तो. २००५पासूनची ‘ग्रेज अ‍ॅनाटमी’ मात्र मी मध्येच सोडली. तिथे शस्त्रक्रियेपेक्षा प्रेमप्रकरणंच जास्त.