फेजंट, लावा आणि ग्राउज: उडण्याचा वेग नेमका किती?

पायाजवळच्या झुडपातून फडफडाट करीत उठलेला फेजंट (लांब शेपटीचा, कोंबडीसारखा शिकारीचा पक्षी) ताशी १०० किलोमीटरहून अधिक वेगाने गेला असावा, असे एका वाचकाने मला लिहिले आहे. तसे वाटणे स्वाभाविक आहे, पण प्रत्यक्ष वेग बराच कमी असतो. फेजंट सरळ उडताना साधारणपणे ताशी ६० ते ७५ किलोमीटर वेगाने जातो. पाठलाग होत असेल तर तो ९० च्या आसपास पोहोचू शकतो. बॉबव्हाइट या अमेरिकी लाव्याचा वेग ४५ ते ६५ असतो. वुडकॉक हा लांब चोचीचा पक्षी तर विणीच्या काळातील उड्डाणात ताशी ८ किलोमीटरइतका संथ होऊनही खाली पडत नाही, आणि मला स्वतःला हीच गोष्ट अधिक विलक्षण वाटते.

आपल्याला चकवतो तो फेजंट आणि बॉबव्हाइट यांसारख्या पक्ष्यांचा उडतानाचा झटका. त्यांचे पंख आखूड व गोलसर, शरीर जड आणि छातीचे स्नायू बहुतांशी पांढरे असतात. हे स्नायू क्षणात प्रचंड जोर लावतात, पण तितक्याच लवकर थकतात. म्हणूनच फेजंट जवळजवळ उभा वर उठतो, काही वेळ जोरात पंख मारतो आणि मग पंख ताठ धरून तरंगत जाऊन थोड्याच अंतरावर उतरतो. याउलट भूमध्य समुद्र ओलांडणाऱ्या स्थलांतरी लाव्याचे पंख लांब व टोकदार असतात आणि छातीचे मांस गडद असते.

मी एकदा एकमेकींपासून ५० मीटर अंतरावरच्या दोन खुणांमधून जाणारा फेजंट चित्रफितीवर मोजला. त्याला जेमतेम तीन सेकंद लागले, म्हणजे ताशी ६०. डोळ्यांना मात्र दुप्पट वाटले होते. मोजताना वाराही विचारात घ्यावा, कारण पाठीमागून ताशी ३० किलोमीटरचा वारा असेल तर तेवढाच वेग जमिनीच्या हिशेबात वाढतो आणि पक्ष्याने काही विशेष केलेले नसते.

नेमबाजाची पंचाईत अर्थात ६० लाही होतेच. छऱ्यांना ४० मीटर जायला सुमारे ०.१३ सेकंद लागतात आणि तेवढ्यात आडवा जाणारा पक्षी दोन मीटर पुढे सरकलेला असतो. १९५१ मध्ये आयर्लंडमध्ये गिनेस या बिअर कंपनीचे प्रमुख सर ह्यू बीव्हर यांचा नेम असाच गोल्डन प्लोव्हर या पाणथळीतल्या पक्ष्यावर चुकला, आणि युरोपातील शिकारीच्या पक्ष्यांत सर्वांत वेगवान तो की ग्राउज (तितरासारखा एक पक्षी), हा वाद कोणत्याही पुस्तकाच्या आधारे मिटेना. त्यातूनच पुढे १९५५ मध्ये गिनेसचे विक्रमांचे पुस्तक निघाले.