जनजागृती नेमकी कुणाची?

सप्रेम आशीर्वाद.

अटलांटातल्या संस्थेत काम मिळालं, फार छान झालं. पहिल्या महिन्याचा बेत तू पाठवलास तो वाचला. कृष्णवर्णीय गरोदर बायकांसाठी माहितीपत्रकं, आहाराचं शिबिर, 'वेळेवर तपासणी करा'ची पोस्टरं. जनजागृती म्हटलं की आपले हात आपोआप पत्रकांकडे वळतात, त्यात तुझा दोष नाही. पण हा बेत बाजूला ठेव.

शॅलन अर्व्हिंगबद्दल वाच. तुझ्याच शहरात, सीडीसी या अमेरिकी सरकारच्या रोगनियंत्रण संस्थेत ती साथरोगतज्ज्ञ होती. विषमतेनं माणसं आजारी कशी पडतात, हाच तिचा अभ्यास. जानेवारी २०१७ मध्ये, बाळंतपणानंतर तीन आठवड्यांनी ती गेली. त्या तीन आठवड्यांत रक्तदाब, पायांची सूज, झपाट्यानं वाढणारं वजन अशा तक्रारी घेऊन ती पुन्हा पुन्हा दाखवायला गेली होती. तिला तू कुठलं पत्रक देणार होतीस? त्याच वर्षी सेरेना विल्यम्सनं बाळंतपणानंतर धाप लागताच नर्सला सांगितलं, फुप्फुसात गुठळी असणार, सीटी स्कॅन करा. तिला हा त्रास पूर्वी झालेला होता. तरी नर्सला वाटलं, वेदनाशामकांमुळे ही गोंधळली आहे. शेवटी स्कॅन झाला आणि गुठळ्या सापडल्या.

२०२३ मध्ये अमेरिकेत दर एक लाख जिवंत जन्मांमागे कृष्णवर्णीय मातांचे मृत्यू ५०.३ होते, गोऱ्या मातांचे १४.५. शिक्षण आणि पैसा असूनही ही दरी बुजत नाही. म्हणजे बाई सांगतेच आहे. शिकवायचं आहे ते ऐकणाऱ्याला.

कॅलिफोर्नियातल्या रुग्णालयांनी काय केलं बघ. प्रसूतीत रक्त किती गेलं हे नजरेच्या अंदाजानं न ठरवता भिजलेले पॅड तोलून मोजायचं, आणि ठरलेला आकडा ओलांडला की ठरलेली पावलं उचलायची. कुणाची बाई आणि किती कण्हते आहे, हा प्रश्नच उरत नाही. रक्तस्रावानंतरच्या गंभीर गुंतागुंती कमी झाल्या, आणि कृष्णवर्णीय मातांमध्ये जास्त कमी झाल्या. तुमच्या संस्थेनं रुग्णालयांकडे काही मागायचं असेल तर असलं काही मागा. संवेदनशीलतेच्या तासाभराच्या व्याख्यानावर माझा फारसा विश्वास नाही.

दुसरं काम बाळंतपणानंतरच्या वर्षाचं. गरोदरपणाशी निगडित मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक प्रसूतीला आठवडा उलटल्यानंतर, वर्षभराच्या आत होतात. तुझ्या जॉर्जिया राज्यात २०२२ पासून मेडिकेड, म्हणजे कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीचा सरकारी आरोग्यविमा, प्रसूतीनंतर १२ महिने चालतो; पूर्वी तो ६० दिवसांत, मग काही काळ सहा महिन्यांत संपायचा. बऱ्याच जणींना हे ठाऊक नसतं. फॉर्म भरून दे, रक्तदाबाचं यंत्र घरी पोचव, दवाखान्यात न्यायला गाडी ठरव. डूला, म्हणजे बाळंतपणात आधार देणारी प्रशिक्षित सोबतीण, बरोबर असेल तर खोलीत तू नाही, तिलाच बोलू दे.

आणि तू दुसऱ्या रांगेत बस. प्रजनन हक्कांसाठी झटणारी अटलांटातली सिस्टरसाँग ही संघटना १९९७ पासून आहे, ११ ते १७ एप्रिलचा कृष्णवर्णीय मातृआरोग्य सप्ताह २०१८ पासून पाळला जातो. या बायकांनी आपली चळवळ आपणच उभी केली आहे. तुझ्याकडून त्यांना नोंदी, हिशेब, आकड्यांचे तक्ते हवे असतील तर ते दे, वेळेवर दे.

पुढे मात्र यायचं असेल तर आपल्याच लोकांत ये. मंडळाच्या जेवणावळीत 'त्या लोकांबद्दल' काय काय बोललं जातं ते तूही ऐकलं असशील. बोलणाऱ्यांत डॉक्टरही असतात, आणि सोमवारी तेच राउंडला जातात. तिथे तुझं बोलणं ऐकलं जाईल, तुमच्या संस्थेतल्या कुणाचं कदाचित नाही. तोंड थोडं कडू होईल, होऊ दे.

गणपतीला येशील तेव्हा आमच्या ओळखीच्या एका भूलतज्ज्ञांशी तुझी गाठ घालून देते. पॅड तोलायचा काटा त्यांच्या प्रसूतिकक्षात आहे का, एवढंच आधी विचार.

तुझी,
मावशी