तुरा तुटलेल्या मोराबद्दल

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तू स्क्रोल सॉवर, म्हणजे बारीक ब्लेडने नक्षी कापायच्या मशीनवर, कापलेल्या लाकडी मोराचा फोटो मिळाला. तुऱ्याचे तीन तुकडे तू शेजारी कागदावर मांडून ठेवलेस, तेही दिसले. ‘माझा हात थरथरला असेल’ असं लिहिलंस. नाही रे. फोटो मोठा करून पाहिला. कापाच्या कडा स्वच्छ आहेत, वळणं गोल आहेत. चूक झाली ती मशीन सुरू करण्याआधी.

तू ६ मिलिमीटरची सागाची फळी घेतलीस आणि तिच्या रेषा उभ्या ठेवून मोर काढलास. मान रेषांबरोबर चालली म्हणून टिकली. तुरा रेषांना आडवा गेला. तिथे तू ३ मिलिमीटर रुंदीची काडी ठेवलीस, म्हणजे त्या काडीत लाकडाचा प्रत्येक धागा जेमतेम ३ मिलिमीटर लांबीचा उरला. सरपण फोडताना कुऱ्हाड रेषेतून किती सहज जाते, ते तू गावी पाहिलंच असशील. तुझा तुराही तसाच फुटला. अखंड लाकडात काम करायचं तर चित्रातला सगळ्यात नाजूक भाग कोणत्या दिशेला धावतो ते आधी बघायचं आणि फळी त्याप्रमाणे फिरवायची. मोरात नाजूक भाग चारही दिशांना जातात, म्हणून मोर प्लायवूडमध्येच करावा. त्यात थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असतात, त्यामुळे एका थराची उणीव दुसरा भरून काढतो. दुकानात शीटची कड मात्र निरखून बघ. आतल्या थरांत पोकळ्या दिसल्या तर ती शीट घेऊ नकोस, कितीही स्वस्त असो. पोकळी नेमकी पिसाच्या टोकाशी येते, हा माझा अनुभव आहे.

आता नक्षीबद्दल, कारण खरं काम तिथेच आहे. आपण लक्ष देतो कापायच्या भागाकडे. पण भिंतीवर लागतं ते उरलेलं लाकूड, आणि ते सगळं एकमेकांना धरून असावं लागतं. आईकडचा पत्र्याचा रांगोळीचा छापा हातात घेऊन बघ. फुलाच्या पाकळ्या सुट्या दिसतात, पण पाकळी-पाकळीमध्ये पत्र्याची बारीक पट्टी सोडलेली असते. तो पूल नसता तर मधलं केसर कधीच गळून पडलं असतं. वडील गेल्यावर मी त्यांचा चेहरा कापायला घेतला होता. डोळ्यातला प्रकाशाचा ठिपका मी ठेवायचा म्हणून रंगवला, पण त्याला पूलच दिला नाही. शेवटचा काप पूर्ण झाला आणि तो ठिपका टेबलाच्या भोकातून खाली भुशात गेला. दोन महिन्यांचं काम होतं. तेव्हापासून प्रत्येक नक्षीवर मी एक परीक्षा घेते. चौकटीवर पेन्सिल टेकवायची आणि ती न उचलता ठेवायच्या प्रत्येक भागापर्यंत पोचायचं. जिथे पोचता येत नाही तो भाग पडणार. जिथे अगदी चिंचोळ्या वाटेने जावं लागतं तो तुटणार, तिथे पूल रुंद करायचा.

तुझ्या नव्या मोरात मी मोजली तर १४० च्या वर छिद्रं होतील. प्रत्येक छिद्रासाठी ब्लेडचं वरचं टोक सोडायचं, ते भोकातून ओवायचं, पुन्हा आवळायचं. याचा कंटाळा येणार असेल तर आत्ताच सोपी नक्षी निवड, त्यात काही कमीपणा नाही. मला स्वतःला हे ओवणं आवडतं. गजऱ्यात फुलं ओवताना जसं मन शांत होतं, तसं होतं.

कापताना मधल्या, लहान जागा आधी घे. पिसांची टोकं आणि तुरा अगदी शेवटी. तोवर भोवतीचं लाकूड त्यांना आधार देतं. निघालेले तुकडे फेकू नकोस, मोठे तुकडे परत जागेवर बसवून वरून टेप लाव, म्हणजे फळी लवचिक होत नाही. नक्षीच्या कागदावर पार्सलची पारदर्शक टेप चिकटवली की कडा काळ्या पडणंही कमी होतं. आतला टोकदार कोपरा एका दमात वळवू नकोस. कोपऱ्यापर्यंत जा, थोडं मागे ये, फुकट जाणाऱ्या भागात ब्लेड वळायला जागा कर आणि दुसऱ्या बाजूने त्याच कोपऱ्यात ये.

ब्लेड सारखं उजवीकडे ओढतं, ही तुझी तक्रार मशीनची नाही. ठोकून काढलेल्या ब्लेडच्या एका बाजूला धातूची बारीक खर राहते, म्हणून ते किंचित तिरकं चालतं. फळी तेवढीच तिरकी धरायची, चार दिवसांत हाताला सवय होते. आणि ढकलू नकोस. ढकलावंसं वाटू लागलं की ब्लेड बोथट झालं, ते बदल. ब्लेडवर पैसे वाचवू नयेत.

एका बाबतीत मात्र मी ऐकणार नाही. तुझ्या फोटोत मास्क कुठेच दिसला नाही. लाकडाच्या धुळीने माणसाला कर्करोग होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ सालीच नोंदवलं आहे. सुताराचं आयुष्य त्या धुळीत जातं, तुला तर निवड आहे. रुमाल पुरत नाही, एन-९५ घे आणि खिडकी उघडी ठेव. दुसरं म्हणजे, शेवटी बेलतेलाचा, म्हणजे अळशीच्या तेलाचा, हात देशील तेव्हा ते फडके चुरगळून कोपऱ्यात टाकू नकोस. हे तेल सुकताना तापतं आणि गोळा केलेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. ते उघड्यावर पसरून वाळव, मगच टाक.

गणपतीच्या मखराला दोन्ही बाजूंना मोर हवेत, ही कल्पना मला फार आवडली. २०१८ साली थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली, तेव्हापासून मीही घरचं मखर लाकडातच करते. दरवर्षी घडी घालून माळ्यावर जातं आणि पुढच्या वर्षी तेच निघतं. तुझं मशीन १६ इंची आहे, म्हणजे ब्लेडपासून मागच्या दांड्यापर्यंत तेवढीच जागा. कमान एका तुकड्यात होणार नाही. ती पाच तुकड्यांत कर आणि सांधे वेलीच्या पानांखाली लपव.

लाकडाला अजून हात लावू नकोस. आधी मोर जाड कार्डशीटवर ब्लेडने काप, डोक्याला दोरा बांधून पंख्यापासून लांब टांग आणि दोन दिवस तसाच राहू दे. जे लोंबेल, वाकेल, तिथे पेन्सिलने खूण कर. त्याचा फोटो पाठव, मग प्लायवूड आणायला आपण दोघं मिळून जाऊ.

तुझी,
मावशी