आधी घड्याळ बंद करा

प्रश्न: माझं वय ६१. गेल्या वर्षी निवृत्त झाले. रात्री पाठ टेकली की जुनी बोलणी, झालेल्या चुका, मुलांची काळजी असं सगळं डोक्यात फिरायला लागतं. भाचीने फोनवर सुडोकूचं अ‍ॅप घालून दिलं. सुरुवातीला बरं वाटलं. पण त्यात वेळ मोजली जाते आणि कालच्यापेक्षा उशीर झाला की मन खट्टू होतं. कोडं सुटलंच नाही तर पोटात गोळा येतो, कारण माझ्या आईला शेवटची सहा वर्षं डिमेन्शिया होता. कोडी सोडवल्याने तो टळतो का? टळत नसेल, तर हे कशासाठी करायचं?

उत्तर: तुमचं पत्र दोनदा वाचलं. कोड्यांपेक्षा आईच्या आजाराची भीती त्यात जास्त आहे, म्हणून आधी तेच बोलू या.

कोडी सोडवल्याने डिमेन्शिया टळतो, असं मी तुम्हाला सांगणार नाही. १९३६ साली जन्मलेल्या ४९८ जणांचा स्कॉटलंडमधला एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्या सगळ्यांची अकराव्या वर्षी बुद्धिमापन चाचणी झालेली होती, त्यामुळे तुलनेला पक्का आधार होता. साठीनंतर पुढे पंधरा वर्षांपर्यंत त्यांना पुन्हा पुन्हा तपासलं गेलं. ज्यांना आयुष्यभर डोकं चालवायची आवड होती, त्यांची उतारवयातली घसरण काही मंद झाली नाही, पण ती सुरू झाली वरच्या पायरीवरून. दहाव्या पायरीवरून उतरणारा आणि सातव्या पायरीवरून उतरणारा, दोघांचा वेग एकच असला तरी पहिला जास्त काळ वर असतो. एवढा दिलासा खरा आहे. याहून मोठं आश्वासन कुणी दिलं, तर त्यावर विसंबू नका.

आणि न सुटलेल्या सुडोकूवरून आपली स्मरणशक्ती मोजू नका. सुडोकूचं उत्तर एकच यायचं तर ८१ पैकी किमान १७ घरं आधी भरलेली लागतात, हे २०१२ साली संगणकाच्या मदतीने सिद्ध झालं. पण जास्त घरं भरलेली म्हणजे कोडं सोपं, असं नसतं. काही कोडी नुसत्या ओळी आणि रकाने बघून सुटतात, काहींत तीन-चार घरांचा एकत्र विचार केल्याशिवाय पुढे सरकता येत नाही. काल आठ मिनिटं लागली आणि आज पंचवीस, तर बहुधा आजचं कोडंच वेगळ्या जातीचं असतं. ते घड्याळ आजच्या आज बंद करा.

आता हे कशासाठी करायचं, ते सांगते. माझे वडील आजारी होते तेव्हा चार महिने मला वाचन जमेना. ओळ संपेपर्यंत सुरुवात विसरायची. तेव्हा घरात पडून असलेलं हजार तुकड्यांचं जिगसॉ काढलं आणि प्लायवूडच्या फळीवर मांडलं. चित्राचा वरचा तिसरा हिस्सा नुसतं निळं आकाश. रंगावरून काही कळेना, म्हणून तुकडे आकारावरून वेगळे केले: समोरासमोर दोन कान असलेले एकीकडे, तीन खाचा असलेले दुसरीकडे. एकेक तुकडा फिरवून बघायचा, बसला तर ठीक, नाही तर पुन्हा ढिगात. एका संध्याकाळी सहाच तुकडे बसले. पण त्या तासाभरात रिपोर्ट, औषधं, उद्या काय होणार, यातलं काहीही डोक्यात आलं नव्हतं. हे लक्षात आलं आणि मला रडू फुटलं, इतके दिवस तशी उसंत मिळालीच नव्हती.

यामागचं कारण समजायला सोपं आहे. मनाला एका वेळी मोजक्याच गोष्टी धरता येतात. आकार जुळवणं, आकडे ताडून बघणं यात ती जागा भरली की काळजीला शिरायला वाव उरत नाही. ऑक्सफर्डमधल्या संशोधकांनी २००९ साली काही लोकांना विदारक दृश्यांची फिल्म दाखवली आणि अर्ध्या तासाने त्यांतल्या काहींना टेट्रिस, म्हणजे वरून पडणारे ठोकळे फिरवून जुळवायचा संगणकावरचा खेळ, खेळायला दिलं. पुढच्या आठवड्यात खेळणाऱ्यांना ती दृश्यं कमी वेळा आठवली. एका खेळाने दुःख जात नाही, हे मलाही ठाऊक आहे. पण डोक्यातलं चक्र थोडा वेळ थांबतं, आणि तुम्हाला आत्ता नेमकं तेच हवंय.

म्हणून फोन बाजूला ठेवा. छापील सुडोकू, पेन्सिल आणि खोडरबर घ्या. शक्य असलेले आकडे घराच्या कोपऱ्यात बारीक लिहून ठेवा, सगळं डोक्यात धरायची गरज नाही. झोपायच्या तासभर आधी वीस मिनिटं पुरेत. पुढचा आकडा सापडला असताना तो न भरता थांबलात, तर दुसऱ्या दिवशी बसायला हुरूप येतो. शब्दकोडं आवडत असेल तर ते घ्या. आवड महत्त्वाची, प्रकार कोणताही चालेल.

मात्र ओळखीची वाट चुकणं, पैशांच्या रोजच्या हिशेबात गोंधळ होणं, असं काही घडत असेल तर डॉक्टरांकडून रीतसर तपासणी करून घ्या. तसं नसलं तरीही, आईच्या आठवणीने भीती वाटते म्हणून एकदा तपासून घेणं यात काहीच गैर नाही. झोप आणि भूक दोन आठवड्यांहून जास्त बिघडलेली असेल, कशातच गोडी वाटत नसेल, तर कोड्यांच्या भरवशावर थांबू नका, मानसोपचारतज्ज्ञांना भेटा.

तीन आठवड्यांनी पुन्हा लिहा. किती सुटली ते नको, झोप कशी लागते ते कळवा.