मुलं तुटक-तुटक वाक्यं लिहितात. ती जोडून ओघवतं लिहायला कसं शिकवावं?

तुमची अडचण मला समजली ती अशी: सातवीची मुलं निबंधात चार-चार शब्दांची वाक्यं एकाखाली एक ठेवतात. केवल, मिश्र, संयुक्त हे वाक्यप्रकार तुम्ही नीट शिकवले, मुलं ते परीक्षेत ओळखतातही, पण निबंध होता तिथेच आहे. मी बरीच वर्षं याच वयाच्या मुलांना मराठी शिकवतो आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट म्हणजे, मुलांना वाक्यं जोडता येत नाहीत असं मुळीच नाही. मधल्या सुट्टीत तक्रार घेऊन आलेल्या मुलाचं बोलणं ऐका. "सर, मी नुसता उभा होतो तर हा मागून आला आणि वही देत नाही म्हटल्यावर हिसकावून घेऊन पळाला." एका दमात काळ आला, विरोध आला, धातुसाधितं (म्हणजे 'हिसकावून', 'घेऊन' यांसारखी क्रियापदापासून बनलेली रूपं) आली, आणि सगळी आपापल्या जागी. आता त्याच मुलाला हाच प्रसंग लिहायला सांगा. "मी उभा होतो. तो आला. त्याने वही मागितली. मी दिली नाही. त्याने वही घेतली. तो पळाला."

म्हणजे जोडणं तोंडात आहे, हातात उतरलेलं नाही. लिहिताना हात सावकाश चालतो, शुद्धलेखनाची धास्ती असते, आणि पूर्णविराम ही सर्वांत सुरक्षित जागा वाटते. चूक होण्याआधी वाक्य संपवून टाकायचं, एवढंच ते मूल करत असतं. म्हणून सुरुवात वहीतून करू नका, कानापासून करा. माझ्या वर्गात पहिले दोन आठवडे हा सराव फक्त तोंडी चालतो.

दुसरं, पाठ्यपुस्तकी वाक्यसंकलनाचा प्रश्न, म्हणजे दोन वाक्यं आणि पुढे कंसात 'म्हणून वापरा', 'जरी-तरी वापरा', तो काही काळ बाजूला ठेवा. मीही सुरुवातीची वर्षं असेच प्रश्न भरपूर सोडवून घेतले. मुलं ते झरझर सोडवतात, कारण त्यासाठी वाक्यं वाचावीच लागत नाहीत. कोणता शब्द कुठे घालायचा हे आधीच ठरलेलं असतं. खरं काम तर त्याआधीचं आहे: या दोन गोष्टींचं एकमेकींशी नातं काय? कंसाने ते काम मुलाच्या हातून काढून घेतलेलं असतं.

त्याऐवजी फळ्यावर दोन साधी वाक्यं लिहा. पाऊस सुरू झाला. खेळ थांबला. आणि सांगा, जितक्या तऱ्हांनी जोडता येतील तितक्या तऱ्हांनी जोडा. माझ्याकडे साधारण असं निघतं:

पाऊस सुरू झाला आणि खेळ थांबला.
पाऊस सुरू झाल्यामुळे खेळ थांबला.
पाऊस सुरू होताच खेळ थांबला.
खेळ थांबला, कारण पाऊस सुरू झाला.
खेळ थांबला तो पाऊस सुरू झाल्यावरच.

यातलं बरोबर कोणतं, असं विचारू नका. सगळी बरोबर आहेत. विचारायचं हे की कोणतं वाक्य कोण, कधी म्हणेल. 'होताच'मध्ये खेळाडू पहिल्या थेंबालाच पळाले. 'झाल्यामुळे' हे उशिरा आलेल्या माणसाला दिलेलं स्पष्टीकरण आहे. शेवटच्या वाक्यातली मुलं अंधार पडला, हाका आल्या तरी हलली नव्हती, हे त्या एका 'च'मधून कळतं. ही चर्चा रंगू द्या, घाई करू नका. धडा हाच आहे. एकदा मुलांना कळलं की जोडण्याने अर्थ बदलतो, की ती स्वतःहून निवड करू लागतात.

याच्या पुढची पायरी मला सगळ्यांत मोलाची वाटते. ती आजारी होती. तिने परीक्षा दिली. ही वाक्यं एका मुलीने अशी जोडली: 'आजारी असूनही तिने परीक्षा दिली.' दुसऱ्याने अशी: 'तिने परीक्षा दिली, पण ती आजारी होती.' दोन्हींत माहिती तीच. मात्र पहिलं वाक्य तिचं कौतुक करतं, आणि दुसरं ऐकताना वाटतं की आता कमी गुणांचं कारण सांगितलं जाणार. मराठीत वाक्याचा भार बहुधा शेवटी येतो. जे शेवटी ठेवाल ते मनात राहतं. मुलांना 'प्रधान वाक्य' आणि 'गौण वाक्य' हे शब्द पाठ असतात, पण प्रधान काय हे व्याकरण ठरवत नाही, लिहिणारा ठरवतो, हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. मी प्रत्येक जोडीला एकच प्रश्न विचारतो, "यातलं तुला मुख्य काय सांगायचंय?" उत्तर आलं की निम्मं वाक्य तयार झालेलं असतं.

आता मराठीतल्या काही खास अडचणी. इंग्रजीच्या शिक्षकांसाठी लिहिलेल्या सूचना आपल्याकडे जशाच्या तशा चालत नाहीत त्या इथेच.

'-ऊन' हे रूप मुलांना फार आवडतं, कारण ते सोपं आहे. 'खोलीत जाऊन', 'पुस्तक वाचून'. त्यात दोन खड्डे आहेत. एक कर्त्याचा. 'तो खोलीत गेला. त्याने खिडकी उघडली.' हे जोडताना निम्मा वर्ग लिहितो, 'तो खोलीत जाऊन खिडकी उघडली.' पहिल्या वाक्याचा कर्ता उचलला आणि दुसऱ्याचं क्रियापद चिकटवलं. कर्त्याने शेवटच्या क्रियापदाचं ऐकायचं असतं: 'त्याने खोलीत जाऊन खिडकी उघडली.' उलट बाजूनेही करून घ्या. 'तिने पुस्तक वाचलं. ती झोपली.' याचं 'पुस्तक वाचून ती झोपली' होतं, 'तिने' उरत नाही. हे नियम म्हणून सांगू नका. दोन्ही वाक्यं मोठ्याने म्हणायला लावा, चुकीचं वाक्य त्यांच्या कानाला आपोआप खटकतं. दुसरा खड्डा कर्ते वेगळे असण्याचा. 'घंटा वाजून मुलं बाहेर आली' हे मराठी नाही. तिथे 'घंटा वाजल्यावर' हवं. यावर एखादं चौकस मूल विचारेल, मग 'काच फुटून तुकडे पसरले' कसं चालतं? त्याचं कौतुक करा. पहिल्या घटनेतूनच दुसरी थेट निघाली असेल, तर वेगळ्या कर्त्यांनाही '-ऊन' बहुधा चालतं.

'-ताना'ची गंमत वेगळी. 'रस्ता ओलांडताना मला कुत्रा दिसला.' रस्ता कोण ओलांडत होतं? मी, की कुत्रा? वर्गाला यावर भांडू द्या. मग 'मी रस्ता ओलांडत होतो तेव्हा' आणि 'रस्ता ओलांडणारा कुत्रा' अशी दोन वेगळी वाक्यं त्यांचीच त्यांना सापडतील. जोडताना काही हरवत तर नाही ना, हे तपासायची सवय लागायला यासारखं उदाहरण नाही.

आणि 'जो-जी-जे'. मोठी मुलं, विशेषतः इंग्रजी वाचणारी, असं लिहू लागतात: 'माझा मित्र, जो शेजारी राहतो, तो काल आला.' व्याकरणात हे बसतं, पण बोलताना आपण 'शेजारी राहणारा माझा मित्र काल आला' असंच म्हणतो. '-णारा' आणि '-लेला' ही रूपं मराठीची मोठी ताकद आहे आणि शाळेत त्यांना फार कमी जागा मिळते. 'एक पत्र सापडलं. ते पत्र फाटलं होतं. ते आजोबांनी लिहिलं होतं.' यातून 'आजोबांनी लिहिलेलं एक फाटकं पत्र सापडलं' हे निघालं की मुलांच्या चेहऱ्यावर आनंद दिसतो. तीन वाक्यं एका वाक्यात मावली आणि एकही 'आणि' लागला नाही.

जोड्यांवर हात बसला की पाच-सहा वाक्यांचा पुंजका द्या. मी हा देतो: एक मुलगा होता. तो बाकावर बसला होता. बाक लाकडी होता. तो खिडकीबाहेर पाहत होता. बाहेर मैदान होतं. मैदान रिकामं होतं.

बहुतेक मुलं 'लाकडी बाकावर बसून एक मुलगा खिडकीबाहेरचं रिकामं मैदान पाहत होता' इथवर येतात, आणि ते छानच आहे. पण एका वर्षी एका मुलीने लिहिलं: 'बाकावर बसून एक मुलगा खिडकीबाहेर पाहत होता. मैदान रिकामं होतं.' मी विचारलं, शेवटचं का नाही जोडलंस? ती म्हणाली, "जोडलं की ते एकटं वाटत नाही." तेव्हापासून हा पुंजका मी प्रत्येक वर्गाला देतो आणि मुद्दाम विचारतो की यातलं कोणतं वाक्य सुटं ठेवावंसं वाटतं. लाकडी बाकाचं तिने काहीच केलं नाही, तो सरळ गाळला, हेही वर्गाला दाखवा. जोडताना काही टाकूनही द्यायचं असतं.

कारण लांब वाक्य म्हणजे चांगलं वाक्य, असा समज या सरावातून होऊ शकतो आणि तो लगेच खोडायला हवा. काही मुलं तुटक लिहीत नाहीत, उलट 'आणि मग... आणि मग...' करत अर्धं पान एका वाक्यात संपवतात. अमेरिकेत केलॉग हंट यांनी 1965 मध्ये चौथी, आठवी आणि बारावीच्या मुलांचं लेखन मोजलं, तेव्हा त्यांनाही ही अडचण आली: लहान मुलं 'आणि' लावत राहतात, त्यामुळे नुसती वाक्याची लांबी मोजून लेखनाची परिपक्वता कळत नाही. म्हणून त्यांनी एक मुख्य वाक्य आणि त्याला लगडलेली गौण वाक्यं, असा मोजणीचा वेगळा एकक ठरवला. आपल्या कामाचा अर्थ एवढाच, की 'आणि'ची माळ गुंफणाऱ्या मुलांना आधी ती सोडवायला द्या आणि मग पुन्हा बांधायला.

तुम्ही व्याकरण शिकवूनही फरक पडत नाही म्हणालात, त्यात तुमचा दोष नाही. 1973 मध्ये फ्रँक ओहेर या संशोधकाने सातवीच्याच मुलांवर प्रयोग केला. व्याकरणाच्या संज्ञा न शिकवता फक्त वाक्यं जोडण्याचा सराव दिला, आणि त्या मुलांचं लेखन वाक्यरचनेत पुढे गेलंच, शिवाय शिक्षकांनाही ते सरस वाटलं. पुढे 2007 मध्ये स्टीव्ह ग्रॅहम आणि डोलोरेस पेरिन यांनी चौथी ते बारावीच्या लेखनशिक्षणावरचे अनेक प्रयोग एकत्र तपासले. त्यात वाक्यं जोडण्याच्या सरावाचा परिणाम 0.50, म्हणजे मध्यम आणि उपयोगी निघाला, तर सुटं व्याकरण शिकवण्याचा परिणाम लेखनाच्या दर्जावर उणे निघाला. हे सगळं इंग्रजी लिहिणाऱ्या मुलांबद्दल आहे, पण माझ्या वर्गातला अनुभव त्याच दिशेचा आहे. व्याकरण सोडा असं मी म्हणत नाही. आधी मुलांना दहा वाक्यं जोडू द्या, मग 'यातलं गौण वाक्य कोणतं' विचारा. तेव्हा त्या शब्दाला काही अर्थ आलेला असतो.

वेळेचं म्हणाल तर दहा मिनिटं, आठवड्यातून तीनदा. तासभर केलं की कंटाळा येतो. वाक्यं शक्यतो मुलांच्याच वह्यांमधून घ्या. नाव सांगू नका, शुद्धलेखन आधी दुरुस्त करून फळ्यावर लिहा. गुण देऊ नका. गुण आले की मुलं पुन्हा सुरक्षित पूर्णविरामाकडे पळतात. चुकीचं जोडलेलं वाक्य हे या वयात प्रगतीचंच लक्षण आहे. 'तो खोलीत जाऊन खिडकी उघडली' लिहिणारं मूल 'तो गेला. त्याने उघडली.' लिहिणाऱ्याच्या एक पाऊल पुढे आहे, हे लाल पेन हातात असताना विसरू नका.

आणि हा सराव निबंधापर्यंत पोचायला एक पूल लागतो, नाहीतर तोही कंसातल्या प्रश्नांसारखा वेगळाच राहतो. मी असं करतो: निबंध लिहून झाला की लगेच गोळा करत नाही. दुसऱ्या दिवशी परत देतो आणि सांगतो, शेजाऱ्याला हळू आवाजात वाचून दाखवा, जिथे अडखळाल तिथली दोनच ठिकाणं निवडा, ती जोडा किंवा तोडा, आणि समासात एका ओळीत लिहा की असं का केलं. फक्त दोन ठिकाणं. बाकी निबंधाला मी त्या दिवशी हात लावत नाही. समासातल्या त्या ओळी मात्र जरूर वाचा. 'इथे घाई दाखवायची होती', 'हे कारण नाही, नुसतं नंतर घडलं', असं मुलं लिहायला लागली की पुढचा पुंजका जरा मोठा द्यायला हरकत नाही.